वडिलांनी धंदा सोपवला, पण सुटत नाही: आधी त्यांचं काम ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शिरोली एमआयडीसीत वडिलांचं मशीन शॉप आहे, फौंड्रीवाल्यांची कास्टिंग (ओतीव भाग) घेऊन मशिनिंग करून, म्हणजे मशिनवर कातून नेमक्या मापात आणून देता. वडील ६७ वर्षांचे, तुम्ही ३४. गेल्या खंडेनवमीला मशिनची पूजा झाल्यावर वडिलांनी सगळ्या कामगारांसमोर सांगितलं की आजपासून हा बघेल. वर्ष होत आलं. अजून ते सकाळी नऊला येऊन त्याच केबिनमध्ये बसतात, ग्राहक कंपन्यांचे पर्चेसवाले त्यांनाच फोन करतात, आणि मागच्या महिन्यात तुम्ही दिलेला रेट त्यांनी परस्पर खाली आणला. बहीण घरून हिशेब आणि जीएसटी बघते. तुम्ही विचारताय की वडिलांना स्पष्ट बोलून घरी बसवावं, का आपणच वेगळं युनिट टाकावं.

मी सनदी लेखापाल (सीए) आहे आणि सांगली-कोल्हापूरकडच्या घरगुती कारखान्यांची कामं बरीच वर्षं करतोय. रिटर्न भरायला आलेला माणूस चहा येईपर्यंत याच विषयावर येतो, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. तुमच्या घरी जे चाललंय ते वडिलांच्या हट्टामुळे चाललंय असं मला वाटत नाही. खंडेनवमीला तुमचं काम जाहीर झालं, त्यांचं झालं नाही. "हा बघेल" म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्यांनी काय करायचं, हे कुणी ठरवलंच नाही. उभा जन्म ज्यानं नऊला शटर उघडलं तो माणूस नऊलाच येणार, आणि समोर जे दिसेल त्यात हात घालणार. धंदा सोपवताना दोन माणसांची भूमिका बदलते. आपण एकाचीच तयारी करतो, दुसऱ्याला "आता आराम करा" म्हणून मोकळे होतो.

माझं उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधी सांगतो. वडिलांची तब्येत धड असेल, फर्मवर डोईजड कर्ज नसेल, आणि त्यांचं-आईचं घरखर्चाचं उत्पन्न धंद्याबाहेर कुठूनही येत नसेल, असं धरून मी लिहितोय. यातलं तिसरं फार महत्त्वाचं आहे. महिन्याला घरात लागतात ते पैसे ज्या गल्ल्यातून येतात, त्या गल्ल्याची किल्ली कुठलाही शहाणा माणूस पूर्ण सोडणार नाही. तिथे स्वभावाला दोष देऊन उपयोग नाही.

आता मुख्य मुद्दा. जुना माणूस त्याच जागेत राहून खालच्या भूमिकेत काम करू शकतो का? करू शकतो, आणि आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकानं ते केलंय. सचिन तेंडुलकर १९९६ मध्ये पहिल्यांदा कर्णधार झाला. पद गेलं, पुन्हा आलं, आणि २००० मध्ये त्यानं ते स्वतःहून सोडलं. त्यानंतर २०१३ मध्ये वानखेडेवर शेवटची कसोटी खेळेपर्यंत तो गांगुली, द्रविड, कुंबळे आणि धोनी यांच्या नेतृत्वाखाली खेळला. धोनी त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. २००७ मध्ये द्रविडला कर्णधारपद नकोसं झालं तेव्हा बोर्डाचे अध्यक्ष शरद पवार होते. त्यांनी सचिनला विचारलं, सचिननं नकार देऊन धोनीचं नाव सुचवलं, हे पवारांनी नंतर जाहीरपणे सांगितलंय. २०११ चा विश्वचषक त्याच धोनीच्या संघात सचिननं उचलला.

हे कशामुळे जमलं? मोठेपणामुळे, हे खरंच. पण मला त्यातली व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते. सचिनकडे कर्णधारपद सोडूनही एक काम होतं, जे संघाला रोज हवं होतं, जे त्याच्याइतकं कुणाला येत नव्हतं, आणि ज्यात कर्णधाराच्या निर्णयात हात घालावा लागत नव्हता. धावा करायच्या. तुमच्या वडिलांसाठी असं काम शोधा. मशीन शॉपवाल्यांकडे ते बहुतेक वेळा सापडतं. नवीन पार्टचं ड्रॉइंग आलं की तो मशिनवर पकडायचं फिक्श्चर कसं करायचं, कास्टिंगमध्ये कुठे ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) निघतील, कुठल्या फौंड्रीचं मटेरियल टूल लवकर झिजवतं, हे जुन्या माणसाला हात लावून कळतं. माझ्याकडच्या एका फर्ममध्ये वडिलांकडे फक्त नवीन पार्टचं डेव्हलपमेंट दिलं. पहिला पीस पास होईपर्यंत तो पार्ट त्यांचा, त्यात मुलानं बोलायचं नाही. पास झाल्यावर रेट, डिस्पॅच, वसुली मुलाची, त्यात त्यांनी बोलायचं नाही. त्यांना शॉपच्या मागच्या बाजूला एक टेबल, दोन मशिन आणि एक चांगला सेटर (मशिन लावून देणारा कामगार) दिला. ते केबिनकडे फिरकेनासे झाले, कारण मागे त्यांना जास्त मजा यायला लागली. रिजेक्शन, म्हणजे नापास होऊन परत येणारा माल, कमी झालं ते वेगळंच.

पण नुसतं पद देऊन आणि मागे उभं राहून चालत नाही, याचंही उदाहरण क्रिकेटमध्येच आहे. मार्च २०२२ मध्ये आयपीएल सुरू व्हायला दोन दिवस असताना धोनीनं चेन्नईचं कर्णधारपद रवींद्र जडेजाकडे दिलं. आठ सामने झाले, दोन जिंकले, सहा हरले, आणि एप्रिल संपायच्या आत जडेजानं पद परत केलं. पुढे धोनीनं सांगितलं की जडेजाला वर्षभर आधीपासून कल्पना होती, आणि पहिले दोन सामने आपण लक्ष घातलं, मग त्याच्यावर सोडलं. म्हणजे पूर्वसूचना होती, मदतही होती. नव्हता तो सराव. जडेजानं त्याआधी आयपीएलमध्ये एकदाही नेतृत्व केलेलं नव्हतं. मोठा खेळाडू असूनही चुकीचा निर्णय घेऊन त्याची किंमत मोजायची संधी त्याला फारशी मिळाली नव्हती, आणि ती मिळाली तेव्हा यष्टीमागे धोनीच उभा होता.

दोन वर्षांनी तेच पद आपल्या पिंपरी-चिंचवडच्या ऋतुराज गायकवाडकडे गेलं. तेही हंगामाच्या आदल्या दिवशीच जाहीर झालं, धोनी तेव्हाही यष्टीमागेच होता. चेन्नई त्या वर्षी नेट रनरेटवर बाद फेरीला मुकली, पण ऋतुराजनं हंगाम पूर्ण निभावला. फरक मला इथे दिसतो: त्यानं महाराष्ट्राचं नेतृत्व केलं होतं, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताचा संघ घेऊन जाऊन सुवर्णपदक आणलं होतं. धोनी नसलेल्या मैदानावर त्याचे निर्णय त्याचे एकट्याचे होते.

राजघराण्यांत हे जुनं शहाणपण आहे. मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेला. मल्हाररावांनी सून अहिल्याबाईंना कारभारात घातलं आणि हळूहळू तोफखान्यासारखी कामंही सांगितली. १७६५ चं त्यांचं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात चंबळ उतरून ग्वाल्हेरला जा, तिथे चार-पाच दिवस मुक्काम करा, मोठ्या तोफा ठेवा आणि दारूगोळ्याची तजवीज करा, अशा सूचना आहेत. सूचना नेमक्या आहेत, पण काम करायला जायचंय ते बाईंनी, आणि मल्हारराव शेजारी नाहीत. पुढच्याच वर्षी ते वारले, त्यानंतर वर्षभरात नातू मालेरावही गेला. तेव्हा अहिल्याबाई कारभार हातात घेऊ शकल्या तो असा आधी केलेल्या कामाच्या जोरावर.

म्हणून तुम्हाला पहिलं विचारतो: धंद्यातला असा एक तरी भाग आहे का, जो पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमचाच आहे? नसेल तर "मला सगळं द्या" म्हणण्याआधी एक ग्राहक पूर्ण मागून घ्या. शक्यतो नवा, वडिलांच्या ओळखीचा नसलेला. त्याचं कोटेशन, त्याचं मटेरियल, त्याचं रिजेक्शन आणि नव्वद दिवसांनी येणारं पेमेंट सगळं तुमचं. सहा महिन्यांत नफा झाला तर वडिलांचा आवाज आपोआप खाली येईल. तोटा झाला तर तो तुमच्या नावावर लागू द्या, त्यांना सावरायला बोलावू नका.

आता धोक्याची जागा. जुना माणूस धड वर नाही, धड खाली नाही, पण सगळी सूत्रं मात्र त्याच्याच घरात, ही अवस्था सगळ्यात वाईट. १९६८ मध्ये युरोपियन कप जिंकलेल्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे मॅट बझ्बी १९६९ मध्ये प्रशिक्षकपदावरून बाजूला झाले, पण जनरल मॅनेजर म्हणून क्लबमध्येच राहिले. त्यांच्या जागी आलेले तिशीतले विल्फ मॅकगिनेस दीड वर्ष टिकले, बझ्बींना परत यावं लागलं. मग फ्रँक ओ'फॅरेल आले. बझ्बी प्रशिक्षकाच्याच खोलीत होते आणि आपल्यासाठी दुसरीकडे छोटी खोली केली होती, असं ओ'फॅरेल यांनी नंतर सांगितलं. तेही दीड वर्षातच गेले. १९७४ मध्ये हा क्लब खालच्या श्रेणीत घसरला. बझ्बींच्या मनात क्लबचं वाईट असेल असं कुणीच म्हणणार नाही. पण खेळाडूंना नाराजी सांगायला दुसरा दरवाजा उघडा होता.

टाटा समूहातही पेच असाच पडला. डिसेंबर २०१२ मध्ये सायरस मिस्त्री टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग ज्या टाटा ट्रस्ट्सकडे आहेत, त्यांचं अध्यक्षपद मात्र रतन टाटांकडेच राहिलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिस्त्रींना हटवलं गेलं, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल टाटा सन्सच्या बाजूनं लागेपर्यंत भांडण चाललं. कोण बरोबर होतं यात मी पडत नाही. खुर्ची एकाची आणि मालकी दुसऱ्याची असेल, तर कुठले निर्णय विचारून घ्यायचे आणि कुठले न विचारता, हे आधी कागदावर हवं, इतकंच मला त्यातून घ्यायचंय. तुमच्याकडेही फर्म, प्लॉट आणि बँकेची कर्जाची लिमिट वडिलांच्या नावावर आहे. ते मालक आहेत, तुम्ही चालक आहात. हे नाकारू नका, लिहून काढा. अमुक रकमेवरची मशिनखरेदी, नवीन कर्ज आणि जुना माणूस कामावरून कमी करणं, एवढ्या तीन गोष्टी त्यांना विचारून. रेट, पगार, शिफ्ट, रोजची खरेदी न विचारता. लिहिलेला कागद दोघांनी आपापल्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा.

केबिनचा मुद्दा लोकांना क्षुल्लक वाटतो, मला वाटत नाही. डेन्मार्कच्या राणी मार्गारेट यांनी १४ जानेवारी २०२४ ला मंत्र्यांच्या बैठकीत पदत्यागाच्या कागदावर सही केली, आणि लगेच उठून आपली खुर्ची मुलाला, फ्रेडरिकला दिली. नेदरलँड्समध्ये तर बेआट्रिक्स राणी पदत्यागानंतर पुन्हा राजकुमारी झाल्या. त्यांच्या आई आणि आजी यांनीही हेच केलं होतं. एवढ्या जुन्या घराण्यांना सुद्धा खुर्ची आणि किताब डोळ्यांना दिसेल असा बदलावा लागतो, कारण बघणाऱ्यांना त्याशिवाय कळत नाही. तुमचे कामगार आणि पर्चेसवालेही बघणारेच आहेत. वडिलांना केबिनमधून उठवून तुम्ही बसायचं, असं मी सांगत नाही, त्यात अपमान आहे. ती केबिन दोघांनीही सोडा. तिथे मीटिंगची खोली करा, वडिलांना डेव्हलपमेंटचं टेबल, तुम्हाला डिस्पॅचजवळ. येत्या खंडेनवमीला दुसरी घोषणा तुम्ही करा: नवीन पार्ट बाबा बघणार. त्यांच्या नव्या कामाचा मान सगळ्यांसमोर व्हायला हवा.

याबरोबर दोन वस्तूंकडे लक्ष द्या. एक, वडिलांचा मोबाइल नंबर. जुन्या कोटेशनवर, बोर्डावर, चलनाच्या पॅडवर तोच आहे. त्यांना "फोन उचलू नका" म्हणणं क्रूर होईल, ते त्यांचे पंचवीस-तीस वर्षांचे मित्र आहेत. त्यांनी फक्त एक वाक्य म्हणायचं: "रेटचं त्याच्याशी बोला, मला आता त्यातलं विचारू नका." पहिल्यांदा समोरचा हसेल. चौथ्या वेळेला तुम्हाला फोन येईल. हे वाक्य वडिलांच्याच तोंडून जायला हवं, तुमच्या तोंडून गेलं तर ते बंड वाटतं.

दुसरी वस्तू उचलीची वही. मी कुठल्याही शॉपमध्ये गेलो की आधी बघतो की उचल कोण देतो. पोराची फी, गावची जत्रा, दवाखाना यासाठी कामगार ज्याच्याकडे हात पसरतो, तो त्याचा मालक. बाकी पदं कार्डावर. तुमचे वडील बहुतेक अजून खिशातून नोटा काढून देत असतील आणि ती छोटी वही त्यांच्या शर्टात असेल. ती तुमच्याकडे आली पाहिजे, पण एकदम नको. दोन महिने दोघांनी मिळून द्या. कुणाला नाही म्हणायचं आणि कुणाला न मागता द्यायचं, यात त्यांचं आयुष्यभराचं माणसांचं ज्ञान आहे, ते वहीत लिहिलेलं नाही.

रेट खाली आणला त्याबद्दल. राग येणं साहजिक आहे, पण एक गोष्ट सांगतो. राजीव बजाज २००५ मध्ये बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक झाले आणि २००९ च्या अखेरीस त्यांनी स्कूटर बंद करून सगळा भर मोटरसायकलवर द्यायचं ठरवलं. ज्या स्कूटरवर बजाजच्या आकुर्डी कारखान्याचं नाव देशभर झालं, ती स्कूटर. वडील राहुल बजाज तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांना हे पटलं नाही, वाईट वाटलं, आणि त्यांनी ते जाहीरपणे बोलूनही दाखवलं. निर्णय मात्र मुलाचाच राहिला. माझ्या दृष्टीनं सोपवणं म्हणजे हे. वडिलांनी गप्प बसावं अशी अपेक्षा धरू नका. त्यांना बोलू द्या, रागावू द्या, चारचौघांत म्हणू द्या की पोरगा चुकतोय. त्यांनी पर्चेसला फोन करून रेट बदलायचा नाही, एवढीच रेघ ओढा. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो त्यांना शांतपणे, एकट्यात, घरी सांगितला तर कळेल.

वेगळ्या युनिटचं म्हणाल तर आत्ता नको. वेंडर कोड (ग्राहक कंपनीकडची पुरवठादार म्हणून नोंद), बँकेची लिमिट, मशिन सगळं जुन्या फर्मचं. बाहेर पडलात की वडिलांचेच ग्राहक मागायला जाल, आणि घर दुभंगेल. वरचं सगळं वर्षभर मनापासून करून बघितलं आणि तरी रेट परस्पर बदलत राहिले, तर मग वेगळ्या युनिटचा विचार करा. त्यात गैर काही नाही.

आता माझ्या खात्याचं. तुमची फर्म प्रोप्रायटरी आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे कायद्यानं वडील आणि फर्म एकच, पॅनही त्यांचाच. उद्या त्यांना काही झालं तर जीएसटी नोंदणी त्यांच्याबरोबर संपते, बँक खातं अडकतं, आणि कामगारांचा पगार कुठून द्यायचा हा प्रश्न तेराव्याच्या आधी उभा राहतो. ते हयात आणि धडधाकट असताना भागीदारी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड करून धंदा त्यात चालू स्थितीत हस्तांतरित करा. शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मनं नव्या नोंदणीत नेता येतं. नुसतं नॉमिनी लावून झालं असं समजू नका. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. म्हणून मृत्युपत्र वेगळं हवंच.

बँकेची पर्सनल गॅरंटी बघा. सीसीला (कॅश क्रेडिट कर्जाला) घर गहाण असेल आणि सही वडिलांची असेल, तर रात्रीची झोप त्यांची जाते, तुमची नाही. त्यांच्या ढवळाढवळीचं निम्मं कारण मला नेहमी इथे सापडतं. नव्या रचनेत तुमची गॅरंटी घाला आणि त्यांची सोडवता येईल का यावर बँकेशी बोला. घरखर्चासाठी प्लॉट आणि शेड त्यांच्याच नावावर ठेवून फर्मनं त्यांना दरमहा भाडं द्यावं, हा मार्ग बऱ्याच घरांत चालतो. प्लॉट एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याचा असल्यानं एमआयडीसीची परवानगी घेऊनच. भाडं महिन्याच्या एक तारखेला जायलाच हवं, मंदी असो वा नसो.

शेवटी बहीण. तुमच्या प्रश्नात ती एका वाक्यात आली, पण तुमच्या फर्मची तिजोरी तिच्याकडे आहे. अहिल्याबाईंनी दौलतीचा कारभार आणि खजिना स्वतःकडे ठेवला, फौज तुकोजी होळकरांकडे दिली. ती जोडी वर्षानुवर्षं चालली, तरी पैशावरून कुरबुरी झाल्याच. तुमच्यातही होतील. ती भागीदार आहे का पगारी, हे आत्ता ठरवा. स्वकष्टाची मालमत्ता वडील कुणालाही देऊ शकतात, पण मृत्युपत्र नसेल तर आईचा, तिचा आणि तुमचा हक्क सारखा. वरची सगळी बोलणी तिला आणि आईला शेजारी बसवून करा, आणि सीएकडे जायच्या आधी करा. माझ्यासमोर पहिल्यांदा ऐकलेली गोष्ट बहिणींना फार लागते, हे मी पाहिलंय. घरात चौघांचं जमलं की आधी बँकेचा आणि एमआयडीसीचा अर्ज टाका, या दोन ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ जातो.